चांदीच्या द्रावणातला वाद: साक्याचं वजन आणि चांदीचं वजन यांत फरक का पडला

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या चांदीच्या पट्ट्यातलं आहे. हुपरी आणि आसपासच्या गावांत पैंजण, तोरड्या, जोडव्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. गाव, रिफायनरी आणि माणसं यांची नावं मी गाळली आहेत. आकडे मात्र आमच्या नोंदवहीतले आहेत, कारण सगळा वाद आकड्यांचाच होता. मी त्या भागातल्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत काम करते. या वादात आमचाही एक आकडा चुकला होता आणि त्या अहवालावर सही माझी होती.

पार्श्वभूमी

जुन्या मोडीतून चांदी गाळणारी एक लहान रिफायनरी. मालक शेठ, हाताखाली चार माणसं. कारागीर आपली मोड, कानस मारल्यावर पडलेला भुसा आणि तुटके दागिने घेऊन येतात. माल त्यांच्यासमोर नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवला जातो. चांदी आणि तांबं विरघळतं, द्रावण निळं-हिरवं होतं. त्यातून थोडं पाणी काढून 'लिटरमागे चांदी किती' हे ठरवायचं, एकूण लिटरांनी गुणायचं आणि तेवढ्या चांदीचा हिशेब कारागिराला द्यायचा. व्यवहार एवढाच.

लिटरमागे चांदी काढायची रिफायनरीतली पद्धत जुनी होती. १०० मिली द्रावण घ्यायचं आणि त्यात मिठाचं दाट पाणी ओतायचं. दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो, तो सिल्व्हर क्लोराईडचा. साका गाळायचा, मिठाच्याच थंड पाण्यानं धुवायचा, तव्यावर वाळवून तोलायचा. आलेल्या वजनाला ०.७५२६ नं गुणलं की चांदी मिळते, कारण १४३.३२ ग्रॅम सिल्व्हर क्लोराईडमध्ये १०७.८७ ग्रॅम चांदी असते. यातलं तत्त्व अगदी बरोबर आहे. सिल्व्हर क्लोराईडचा विद्राव्यता गुणाकार १.८ × १० चा −१० वा घात इतका लहान आहे. म्हणजे साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळतं. मीठ पुरेसं पडलं की द्रावणातली जवळजवळ सगळी चांदी खाली येते.

पण शेठना मागच्या दोन लॉटमध्ये फटका बसला होता. हिशेब झाला त्यापेक्षा भट्टीतून चांदी कमी निघाली, आणि दोन्ही वेळा फरक थोडाथोडका नव्हता. संशय भट्टीवरच्या मुलावर गेला. उघड कोणी काही बोललं नाही, पण त्याला भट्टीवरून काढून झाडलोटीला लावलं आणि महिन्याभरात तो काम सोडून गेला. हे मला खूप नंतर कळलं. आधी कळलं असतं तर पहिला अहवाल देताना माझा हात थांबला असता, असं मला आजही वाटतं.

समस्या

तिसऱ्या लॉटच्या वेळी शेठनी रिफायनरीतली चाचणी नेहमीप्रमाणे केली, पण त्याच द्रावणाची एक बाटली आमच्याकडेही पाठवली. माल होता पन्नाशीच्या एका कारागिराचा. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्यादेखत रिफायनरीत १०० मिलीतून ६.४९ ग्रॅम साका निघाला, म्हणजे लिटरमागे ४८.८ ग्रॅम चांदी. एकूण द्रावण बादलीच्या खुणांवरून २६ लिटर. मामांनी वहीत आकडा लिहून घेतला.

आमच्याकडे आम्ही व्होलहार्ड पद्धत वापरली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोब व्होलहार्डनं ती १८७४ साली मांडली आणि चांदीसाठी ती आजही चालते. आम्लयुक्त द्रावणात पोटॅशियम थायोसायनेट थेंबाथेंबानं सोडायचं. सिल्व्हर थायोसायनेटचा पांढरा साका पडत राहतो. द्रावणातली चांदी संपली की थायोसायनेटचा पुढचा थेंब खूण म्हणून आधीच टाकलेल्या फेरिक अलममधल्या लोहाला धरतो आणि तांबूस रंग येतो. तिथे ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची खुणांची काचेची नळी, वाचायची. हीसुद्धा अवक्षेपणाचीच, म्हणजे साका पाडायचीच पद्धत आहे, फक्त साका तोलायचा नसतो, साका पूर्ण पडायला किती द्रावण लागलं ते मोजायचं असतं. आमच्या नव्या केमिस्टनं २५ मिली नमुना २५० मिली केला, त्यातले २५ मिली घेऊन ०.०५ नॉर्मल (ठरावीक सामर्थ्याच्या) थायोसायनेटनं तीन अनुमापनं (अशा थेंबमोजण्या) केली. वाचनं आली २०.६, २०.७, २०.७. हिशेब: लिटरमागे ४४.६ ग्रॅम. तिन्ही वाचनं एकमेकांशी जुळत होती म्हणून मी सही केली.

४८.८ आणि ४४.६. लिटरमागे ४.२ ग्रॅमचा फरक म्हणजे २६ लिटरला १०९ ग्रॅम, दहा ग्रॅमच्या तोळ्यानं जवळपास अकरा तोळे. मामांच्या घरात अकरा तोळे चांदी म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मामा आणि त्यांचा पुतण्या शेठसोबत थेट प्रयोगशाळेत आले. मामांचा आवाज चढला नव्हता, पण शब्द लागणारे होते. "मॅडम, तिथं माझ्या डोळ्यांदेखत तोललंय. पांढरं फेक दही होतं. तुमी काचेच्या नळीतनं थेंब सोडून रंग बघताय. मी कशावर इश्वास ठेवू?" प्रश्न रास्त होता. वजन दिसतं, थेंब दिसत नाहीत. शेठ गप्प होते. आमचा आकडा त्यांना सोयीचा होता आणि मामांनाही ते माहीत होतं. प्रयोगशाळा शेठनी फिरवली, हा आरोप कोणी बोललं नाही तरी खोलीत होता.

कुठले पर्याय होते

पुतण्या म्हणाला, मधला आकडा धरा आणि मिटवा. मध्य येतो ४६.७. बाजारात असे व्यवहार रोज मिटतात आणि त्या क्षणी तो मार्ग सगळ्यांना हवाहवासा वाटत होता. मी नकार दिला. दोन मापनं एकाच गोष्टीची असतील आणि फरक हात हलल्यासारखा, कधी वर कधी खाली असा असेल, तर सरासरीला अर्थ असतो. इथे फरक नऊ टक्क्यांचा होता. एवढ्या फरकात एक पद्धत तरी चांदीव्यतिरिक्त काहीतरी मोजत असते, किंवा चांदीचा काही भाग सोडून देत असते. त्याची सरासरी म्हणजे दोन चुकांची बेरीज करून निम्मी करणं.

दुसरा पर्याय नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवण्याचा. अणुशोषण वर्णपटमापी चांदीचाच प्रकाश बघतो, शिसं-तांब्याला फसत नाही. पण ते यंत्र लिटरमागे काही मिलिग्रॅमच्या टापूत काम करतं. पंचेचाळीस ग्रॅमवरून तिथपर्यंत उतरायचं तर द्रावण हजारो पटींनी पातळ करावं लागतं, आणि त्यातली एक-दोन टक्क्यांची चूक इथे एवढ्या चांदीच्या व्यवहारात जाणवण्याएवढी आहे. शिवाय आठवडा जाणार होता. तरीही हा पर्याय मी पूर्ण टाकला नाही. आमचं जुळलंच नाही तर तिकडे जायचं ठरवलं.

तिसरा पर्याय अग्निपरीक्षेचा, म्हणजे शिशाबरोबर मुशीत भाजून चांदीचा मणी तोलायचा. माल विरघळून गेल्यावर ते करण्यात अर्थ नव्हता. आणि भाजताना थोडी चांदी मुशीत शिरते, हा त्या पद्धतीचा जुना दोष आहे. पॅरिसच्या टांकसाळीत नेमक्या याच दोषावरून तक्रारी आल्या, तेव्हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकनं मिठाच्या द्रावणानं चांदी अवक्षेपित करून मोजायची पद्धत दिली. त्याची सविस्तर कृती १८३२ ची. आमच्या रिफायनरीतलं मिठाचं पाणी त्याच कुळातलं आहे.

चौथा पर्याय आम्ही निवडला: दोन्ही पद्धती त्याच द्रावणावर पुन्हा करायच्या, पण प्रत्येकीतल्या संभाव्य चुका आधी कागदावर लिहून, आणि मामांसमोर. रिफायनरीतल्या त्या चाचणीचा वाळलेला साकाही शेठनी पुडीत जपून ठेवला होता. चांदी कोणी टाकत नाही. त्या पुडीमुळेच हे प्रकरण सुटलं.

आधी आमची चूक शोधली

त्या रात्री मी नव्या केमिस्टबरोबर बसले. तिला विचारलं, शेवटच्या थेंबाला काय दिसलं? ती म्हणाली, "रंग येत होता आणि जात होता. मग पहिल्यांदा गुलाबी दिसलं तिथं मी थांबले, तिन्ही वेळा तसंच केलं." एवढ्यात उत्तर होतं.

चांदी-तांबं नायट्रिकमध्ये विरघळताना तपकिरी वाफ निघते. ती नायट्रोजन डायऑक्साईडची. तिचा अंश द्रावणात नायट्रस आम्ल म्हणून राहतो आणि तोही थायोसायनेटबरोबर लालसर रंग देतो. लोहाचा रंग टिकतो, हा लगेच विरतो. दुसरी गोष्ट, सिल्व्हर थायोसायनेटचा ताजा साका चांदीचे आयन स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. जोरजोरात हलवलं नाही तर ते आयन मोजणीत येतच नाहीत आणि शेवट वेळेआधी आल्यासारखा वाटतो. दोन्ही कारणं आकडा खाली ओढतात.

तीन वाचनं जुळली होती ती यामुळेच. तिन्ही वेळा तीच चूक त्याच ठिकाणी झाली होती. जुळणी म्हणजे बरोबर नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे आणि सही करताना विसरले. इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. नमुन्यात माहीत असलेली चांदी जास्तीची टाकून ती परत सापडते का, ही तपासणी आम्ही केली असती तरी हा दोष पकडला गेला नसता. चूक नमुन्याच्या ठरावीक भागामागे ठरावीक असल्यानं वजाबाकीत ती निघून गेली असती आणि टाकलेली चांदी जवळपास पूर्ण परत मिळाली असती. विश्वासाची एक खोटी पावती मात्र हातात आली असती. असा दोष पकडायचा तर नमुना उकळून आणि न उकळता असा दोन प्रकारे करून पाहावा लागतो.

सकाळी आम्ही पातळ केलेलं द्रावण वाफ निघून जाईपर्यंत उकळलं आणि २५ अंशांखाली आणलं, कारण गरम द्रावणात लोहाचा रंगही फिकटतो. थायोसायनेटचं सामर्थ्य शुद्ध चांदीच्या तारेपासून बनवलेल्या द्रावणावर पुन्हा पडताळलं. प्रत्येक थेंबानंतर फ्लास्क जोरात हलवला आणि रंग हलवूनही टिकला तिथेच थांबलो. वाचनं: २१.२०, २१.२५, २१.२५. एक मिली ०.०५ नॉर्मल द्रावण म्हणजे ५.३९ मिलिग्रॅम चांदी. हिशेब लिटरमागे ४५.८ ग्रॅम.

म्हणजे पहिला अहवाल लिटरमागे १.२ ग्रॅमनी कमी होता. मी मामांना ते सरळ सांगितलं. हा निर्णय सोपा नव्हता. चूक कबूल केल्यावर पुढचं काही ऐकलं जाईल का, ही भीती होती. झालं उलट. मामा खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "बरं. आता ह्येंचं बघा."

मग साका तपासला

रिफायनरीचा आकडा आता ३ ग्रॅमनी वर उरला होता. साका जास्त भरण्याची कारणं मोजकीच: नीट वाळला नाही, न विरघळलेलं काही त्यात गेलं, किंवा चांदीबरोबर दुसरा एखादा धातू क्लोराईड होऊन खाली आला. साध्या क्लोराईडच्या पाण्यात खाली बसणारे धातू आहेत तरी किती? चांदी, शिसं आणि पारा (मर्क्युरस रूपातला). अकरावी-बारावीच्या क्षार विश्लेषणातला हा पहिला गट. तेवढं आठवलं की बोट शिशाकडे जातं.

लेड क्लोराईडचा विद्राव्यता गुणाकार १.७ × १० चा −५ वा घात, सिल्व्हर क्लोराईडपेक्षा कितीतरी मोठा. साध्या पाण्यात ते लिटरला सुमारे १० ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यात ३३ ग्रॅमपर्यंत. मग ते साक्यात कसं येईल, असा प्रश्न पडतो. उत्तर मिठात आहे. क्लोराईडचे आयन आधीच भरपूर असले की लेड क्लोराईडची विद्राव्यता खूप घटते. रिफायनरीत दाट द्रावणात दाट मिठाचं पाणी, तेही थंड, आणि धुणंही मिठाच्याच थंड पाण्यानं. शिसं साक्यात राहावं अशीच ती सगळी व्यवस्था होती. धुण्याच्या पाण्यात मीठ घालण्यामागचा हेतू चांगला होता. नुसत्या पाण्यानं धुतलं तर चांदीचा साका फुटून दुधाळ होतो आणि गाळणीतून निसटतो. पण त्यावर खरा उपाय अगदी सौम्य नायट्रिक ॲसिडच्या पाण्याचा आहे. ते साका फुटू देत नाही आणि वाळवताना उडूनही जातं.

शेठची पुडी उघडली. ती १४० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवली तेव्हा ६.४९ चे ६.४५ झाले. ४० मिलिग्रॅम निव्वळ पाणी होतं. मग साका खलून एका छोट्या बीकरमध्ये घेतला आणि त्यावर उकळतं पाणी ओतलं. फक्त २० मिली. पाणी जाणूनबुजून कमी घेतलं होतं. जास्त घेतलं असतं तर शिसं त्यातच विरघळून राहिलं असतं आणि मामांना दाखवायला काही उरलं नसतं. गरम असतानाच गाळलं. गाळीव पाणी स्वच्छ होतं. काचेच्या नळीत भरून ती थंड पाण्यात धरली आणि मामांच्या हातात दिली.

पाचेक मिनिटांत नळीत चकचकीत पांढऱ्या सुया तरंगायला लागल्या. लेड क्लोराईडच्या. मामा नळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. मी दुसऱ्या नळीतल्या त्याच गाळीव पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे दोन थेंब टाकले, पिवळाधमक लेड क्रोमेट झाला. "चांदी हे करत नाही का?" पुतण्यानं विचारलं. चांगला प्रश्न. सिल्व्हर क्रोमेट विटकरी लाल असतं, म्हणून शुद्ध चांदीच्या द्रावणात तेच थेंब टाकून तेही दाखवलं.

साका मग क्रोमेटनं पिवळा येणं थांबेपर्यंत गरम पाण्यानं धुतला. वजन ६.११. शेवटी तो अमोनियात विरघळवला. सिल्व्हर क्लोराईड अमोनियात संकुल (अमोनियाशी जोडलेला, विरघळणारा आयन) बनवून पूर्ण विरघळतं. तळाशी करडा गाळ राहिला, सुमारे ३० मिलिग्रॅमचा, बहुधा कथलाचा. कथील नायट्रिकमध्ये विरघळत नाही, पांढरी भुकटी होऊन बसतं. गाळून घेतलेलं अमोनियातलं द्रावण लगेच नायट्रिकनं आम्लयुक्त केलं आणि चांदी परत क्लोराईड म्हणून पाडली. इथे 'लगेच' हा शब्द जपून वापरला आहे. चांदीचं अमोनियातलं द्रावण ठेवून दिलं तर त्यातून स्फोटक काळा पदार्थ बनू शकतो. ते रात्रभर ठेवायचं नाही, तासभरही नाही.

पुन्हा पाडलेल्या साक्याचं वजन ६.०७ ग्रॅम आलं. गुणिले ०.७५२६, भागिले १०० मिली: लिटरमागे ४५.७ ग्रॅम.

तिसरी पडताळणी मूळ द्रावणावरची. १० मिली घेऊन २०० मिलीपर्यंत पातळ केलं, आधी कथलाचा गाळ काढला आणि तो गरम सौम्य नायट्रिकनं धुवून त्यातली अडकलेली चांदी परत द्रावणात घेतली. द्रावण गरम ठेवून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड हळूहळू, ढवळत सोडलं. इतक्या पातळ द्रावणात शिसं लेड क्लोराईडच्या मर्यादेच्या खूप खाली राहतं, म्हणून खाली येत नाही. ॲसिड थोडंसंच जास्त टाकलं, कारण क्लोराईड फार वाढलं तर चांदीच संकुल होऊन परत विरघळते. साका एकत्र होऊन वरचं पाणी नितळ होईपर्यंत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. सिल्व्हर क्लोराईड उजेडात जांभळट पडतं आणि त्याचं विघटन सुरू होतं. सिंटर्ड क्रूसिबलमधून (सच्छिद्र तळाच्या गाळणपात्रातून) गाळलं, १४० अंशांवर स्थिर वजन येईपर्यंत वाळवलं. दोन नमुने: ०.६०८८ आणि ०.६०८३ ग्रॅम. दोन्हींतून लिटरमागे ४५.८.

थायोसायनेटनं ४५.८, शिसं काढलेल्या जुन्या साक्यातून ४५.७, पातळ गरम द्रावणातून ४५.८. तीन वेगळ्या वाटांनी आलेला आकडा. पहिल्या दिवशी तीन वेळा एकाच वाटेनं आलेल्या आकड्यापेक्षा हा मला कितीतरी जड वाटतो.

शिसं आलं कुठून, हे मामांनीच सांगितलं. या लॉटमध्ये जत्रेतून घेतलेली जुनी मोड होती. गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांनी तुटलेल्या साखळ्यांना शिसं-कथलाचा डाख लावलेला असतो. तो लवकर वितळतो आणि स्वस्त पडतो. मामा स्वतः तसला डाख कधी लावत नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

लिटर किती, हा राहिलेला प्रश्न

एवढं झाल्यावर शेठनी ४५.८ ला २६ नं गुणायला कागद पुढे ओढला. तेव्हा आमच्या केमिस्टनंच विचारलं, "पण २६ लिटर हे कुणी मोजलं?" बादलीच्या खुणांनी. एका खुणेला अर्धा लिटर इकडेतिकडे झाला तर तेवीस ग्रॅम चांदी. लिटरमागच्या दशांशासाठी आम्ही दोन दिवस घालवले होते आणि लिटरांकडे कोणी बघितलं नव्हतं.

द्रावण भरलेला कॅन काट्यावर ठेवला. रिकाम्या कॅनचं वजन वजा करून २९.४ किलो. १०० मिली मापी फ्लास्कमध्ये द्रावण भरून घनता काढली, १.१४. म्हणजे २५.८ लिटर. कॅन आधी ढवळला होता आणि नमुना वरून, मधून, खालून घेतला होता का, याचं खात्रीचं उत्तर कोणाकडे नव्हतं. म्हणून नमुना पुन्हा सगळ्यांसमोर ढवळून घेतला आणि एक अनुमापन केलं. फरक पडला नाही.

निकाल

४५.८ × २५.८ = ११८२ ग्रॅमवर हिशेब झाला. रिफायनरीच्या पहिल्या आकड्यानं १२६९ ग्रॅम झाले असते, आमच्या पहिल्या अहवालानं ११६० ग्रॅम. भट्टीतून प्रत्यक्ष चांदी निघाली ११७३ ग्रॅम. नऊ ग्रॅमची घट, एवढी घट धुणं आणि आटणीत धरूनच चालतात.

मामांना पहिल्या अपेक्षेपेक्षा ८७ ग्रॅम कमी मिळाले. ते खूश होऊन गेले असं मी म्हणणार नाही. पण जाताना त्यांनी लेड क्लोराईडच्या सुयांची नळी मागितली. शिसं विषारी आहे, घरात मुलं असतील, म्हणून मी दिली नाही. त्यांच्या पुतण्यानं मोबाईलवर फोटो काढला.

शेठनी चाचणीची पद्धत बदलली. आता १०० मिलीऐवजी १० मिली घेऊन पातळ करतात, गरम पाडतात, सौम्य ॲसिडच्या गरम पाण्यानं धुतात, आणि धुण्याच्या पाण्यात क्रोमेटचा थेंब टाकून शिसं नसल्याची खात्री करतात. मोठ्या लॉटमधलं उरलेलं पाणी आधी थेट तांबं काढायच्या टाकीत जायचं. त्यात शिसं आहे हे कळल्यापासून ते सल्फेट म्हणून वेगळं पाडून साठवतात. हा बदल मला हिशेबापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण त्या टाकीत माणसं हात घालत होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला अहवाल देण्याआधी नमुना कशाचा आहे हे मी विचारायला हवं होतं. 'चांदीचं पाणी' एवढंच बाटलीवर लिहिलं होतं. जुनी मोड आहे, डाख आहे, हे कळलं असतं तर शिसं आणि कथील पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर आलं असतं. आमच्या नमुना नोंदीत आता 'माल कसला' हा रकाना आहे आणि त्याखाली 'तपकिरी वाफ उकळून घालवली' यासमोर करणाऱ्याची सही लागते.

दुसरं, नव्या केमिस्टनं रंग येतो-जातो हे बघितलं होतं. ती गोष्ट तिनं मला सांगितली नाही, कारण मी विचारलं नव्हतं, फक्त वाचनं मागितली होती. वाचनांबरोबर काय दिसलं तेही लिहायचं, असं आता ठरलं आहे. तिचीच सूचना होती.

आणि राहिले आधीचे दोन लॉट. वाद मिटल्यावर शेठ एकटेच परत आले. त्या दोन लॉटमध्येही शिसंच होतं का, हे सांगता येईल का, असं त्यांनी विचारलं. भट्टीवरच्या मुलाचं नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा घेतलं. मी नमुने मागितले. नव्हते. साके आटवून चांदी विकली गेली होती, पाणी वाहून गेलं होतं, वहीत फक्त वजनं होती. दोन्ही लॉट जत्रेनंतरच्या महिन्यांतले होते आणि फरक याच टक्केवारीचा होता, एवढंच मी सांगू शकले. पुराव्यानिशी मात्र काही नाही. शेठनी त्या मुलाला फोन केला, उरलेला पगार पाठवला. तो परत आला नाही.

तेव्हापासून त्या रिफायनरीत प्रत्येक लॉटमधली १०० मिलीची बाटली काळ्या कागदात गुंडाळून, झाकणावर दोघांच्या सह्या घेऊन, सहा महिने कपाटात ठेवली जाते.